थंडीत डायपर सोडवायचा तर

डिसेंबर लागला की आमच्या पाळणाघराच्या दारात दोन तऱ्हेचे आईबाप उभे राहतात. एक म्हणतात, "काकू, आता थंडीत नको, होळी होऊन जाऊ दे." दुसरे म्हणतात, "काकू, जूनमध्ये नर्सरीत घालायचंय, शाळेनं फॉर्मवरच विचारलंय, काहीही करून डायपर सोडवा." नाशिकला इंदिरानगरात तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत मी कित्येक वर्षं दीड ते चार वर्षांची पोरं सांभाळते आहे. दोघांनाही माझं उत्तर एकच असतं: मूल तयार असेल तर थंडी आडवी येत नाही, आणि नसेल तर वैशाखातलं ऊनही कामाला येत नाही. मात्र थंडीत डायपर सोडवायचा तर मुलाच्या आधी घर तयार करावं लागतं. कपडे, पाणी, फरशी, अंथरूण आणि मोठ्यांच्या जिभा, एवढं ताळ्यावर आलं की निम्मं काम झालं. अनुभवानं जे पक्कं झालं ते मांडते.

१. आधी मूल बघा, मग कॅलेंडर

आपल्या राज्यात प्लेग्रुप-नर्सरीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं मूल जूनमध्ये शाळेत जातं तेव्हा अडीच वर्षांचं असतं, आणि ज्या जानेवारीत आईबाप माझ्या मागे लागतात तेव्हा जेमतेम दोन पूर्ण. त्याच वर्गात बसणारं जानेवारीत जन्मलेलं मूल तेव्हा तीनचं झालेलं असतं. दोघांना एकाच मापानं मोजून कसं चालेल? टी. बेरी ब्रेझल्टन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी १९६२ साली १,१७० मुलांच्या नोंदी छापल्या होत्या. मुलाच्या कलानं घेतलं तर दिवसा कोरडं राहायला सरासरी साडेअठ्ठावीस महिने लागले, असं त्यात दिसलं. सरासरी म्हणजे पुष्कळशी मुलं त्याच्याही नंतर.

म्हणून मी वाढदिवसाची तारीख बाजूला ठेवते आणि चार गोष्टी बघते. दीड-दोन तास लंगोट कोरडा राहतो का? शी आली की पोर दिवाणाच्या मागे किंवा पडद्याआड जाऊन गप्प उभं राहतं का? आपली चड्डी आपण खाली ओढू शकतं का? "चप्पल आणून दे" म्हटलं तर आणून देतं का? यातल्या तीन जुळल्या तर थंडी असो, पाऊस असो, मी सुरुवात करते. एकही जुळत नसेल तर फॉर्म भरणाऱ्या आईला स्पष्ट सांगते, शाळेला सांगा की शिकतोय.

२. नाशिकची थंडी सकाळ-संध्याकाळची, दुपार आपली

निफाडचा पारा एक आकडी झाल्याची बातमी पेपरात आली की सगळ्यांना वाटतं, आता पोराची चड्डी काढणं म्हणजे न्यूमोनियाला आमंत्रण. पण आमच्याकडे दहा-अकरा वाजले की ऊन तापतं आणि दुपारी स्वेटर अंगावर ठेववत नाही. शिकवणीची वेळ हीच. सकाळी साडेआठला मूल येतं ते रात्रीच्या जड डायपरसकट, कानटोपीत नाक तेवढं बाहेर. तेव्हा मी काही शिकवायला जात नाही. डायपर बदलते, कोमट पाण्यानं पुसून घेते, खाऊ देते. ऊन खिडकीतून सतरंजीवर आलं की डायपर काढून सुती चड्डी चढवते. चारला ऊन कललं की त्या दिवसाची शाळा संपली. आठवडाभरात पोरालाही कळतं की उन्हाची वेळ ही चड्डीची वेळ.

चड्डी सुतीच का, तर डायपरमध्ये सोडियम पॉलिअक्रिलेट नावाचे कण असतात. ते शू शोषून तिचा गोळा करतात आणि कातडी कोरडी ठेवतात. झोपेला हे उत्तम, पण शिकायला वाईट. आपण शू केली हे पोराला कळतच नाही. सुती चड्डीत ओघळ मांडीवरून खाली येतो, मोजा ओला होतो, पोर खाली वाकून बघतं. पहिला धडा तिथं मिळतो.

उलट सांगायचं तर मला पावसाळ्याची जास्त धास्ती. श्रावणात चड्ड्या दोन-दोन दिवस दोरीवर दमट राहतात आणि घरभर कुबट वास सुटतो. थंडीत हवा कोरडी असते, सकाळी धुतलेलं दुपारी तीनला हातात येतं. चड्ड्या जास्त लागतात त्या दिवसांत ही केवढी सोय.

३. चार थर कपडे आणि जेमतेम अर्धं मिनिट

दोन वर्षांच्या मुलाला शू आल्याचं कळणं आणि शू होणं यांत फार वेळ नसतो. त्या वेळात काय काय उघडावं लागतं ते बघा. एक चिमुरडी मागच्या थंडीत डंगरी घालून यायची. खांद्यावर पितळी बकल, आत लोकरीचा स्वेटर, खाली घट्ट लेगिंग, त्याच्या आत थर्मल, मग चड्डी. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी ती पायाची कैची करून उभी, "काकू, शू" म्हणतेय, एका हातानं बकल ओढतेय. माझी मदतनीस एका बाजूचं बकल काढतेय, मी दुसऱ्या बाजूचं. बकल थंड, आमची बोटं बधिर. बकल सुटलं तेव्हा लेगिंग गुडघ्यापर्यंत गडद झाली होती. पोरीनं वेळेवर सांगितलं होतं, हरली ती डंगरी.

तेव्हापासून थंडीतल्या कपड्यांची यादीच मी आईबापांच्या हातात देते. खाली सैल इलॅस्टिकचा पायजमा, एक माप मोठा. नाडी नको, चेन नको, बटण नको, डंगरी तर नकोच. आत थर्मल घालायचं तर वरच्या अंगात घाला, अंग गरम राहतं ते छाती-पोट झाकल्यानं. स्वेटर कमरेपर्यंतच, मांडीपर्यंत आला की त्याची कड ओली होते. पायांना थंडी वाजू नये म्हणून गुडघ्यापर्यंतचे लोकरी मोजे, आणि मोज्यांच्या जादा जोड्या. चड्डी प्रत्येक वेळी भिजतेच असं नाही, मोजे हमखास भिजतात.

मूल दोन्ही अंगठे पायजम्याच्या इलॅस्टिकमध्ये घालून झटक्यात खाली ओढायला शिकलं की मी अर्धी लढाई जिंकले असं समजते. हा सराव शू नसतानाही, खेळ म्हणून करून घ्यायचा.

४. जेट स्प्रेचं थंड पाणी मुलाला आठवडाभर मागे नेतं

शी करताना न रडणारं पोर शी धुताना रडतं, हे जानेवारीत नेहमी दिसतं. कारण साधं आहे. टाकीतलं रात्रभर गारठलेलं पाणी जेटच्या जोरानं अंगावर येतं. मोठ्यांचाही श्वास अडकतो, पोराचं काय होत असेल? पोर मनाशी जोडतं ते असं: इथं बसलं की बर्फ लागतो. मग दुसऱ्या दिवसापासून बसायलाच नकार.

आमच्याकडे जेटला थंडीत सुट्टी. न्हाणीघरात उंचावर, पोराचा हात पोहोचणार नाही असं कोमट पाणी ठेवायचं आणि मगानं धुवायचं. हाताच्या मागच्या बाजूवर थेंब टाकून बघायचा, मगच मग उचलायचा. मुलींना पुढून मागे धुवायचं, मागून पुढे कधीच नाही, नाहीतर लघवीच्या जागी जंतू जातात. धुतल्यावर मऊ फडक्यानं टिपून कोरडं करायचं, कारण ओल्या कातडीवर कोरडी हवा लागली की चिरा पडतात. कातडी लाल दिसली तर खोबरेल तेलाचं बोट.

पॉटची प्लास्टिकची कडही गार असते. वापराआधी ओल्या गरम फडक्यानं पुसली आणि कोरडी केली की पोर दचकत नाही. हात धुवायलाही कोमट पाणी हवं, नाहीतर पोरं नळाखाली बोटांची टोकं दाखवून पळतात.

इथं एक इशारा. गरम पाण्याच्या नादात उकळत्या पाण्याची बादली खाली ठेवणं, हीटरचा रॉड लावून बाजूला होणं, भरली बादली उघडी सोडणं, हे पाळणाघरात एक मिनिटही चालत नाही. गॅसचा गिझर असेल तर न्हाणीघराची खिडकी थंडीतही उघडी हवी. बंद खोलीत त्याचा विषारी वायू साठून माणसं दगावली आहेत.

५. पोराचं पाणी तोडू नका

थंडीत मुलं जास्त वेळा मुततात हे खरं आहे. गारठ्यात कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आतल्या अवयवांकडे वळतं, मूत्रपिंडं जास्त पाणी बाहेर टाकतात. घामही येत नाही, म्हणजे सगळं पाणी एकाच वाटेनं जाणार. पोराची यात काही खोडी नाही. ऑक्टोबरात दोन तास कोरडं राहणारं मूल जानेवारीत सव्वा तासात ओलं झालं तर ते मागे गेलं असं समजू नका. आपण त्याला बसवण्यातलं अंतर कमी करायचं.

पण बरेच आईबाप याचा उलट उपाय करतात. "पाळणाघरात पाणी कमी द्या, मग चड्ड्या कमी लागतील." असं करू नका. पाणी कमी पडलं की लघवी दाट, पिवळी होते, ती मूत्राशयाला चुरचुरते आणि थेंब-थेंब शू वारंवार येते. शिवाय शी घट्ट होते. मुलं थंडीत आपणहून पाणी मागत नाहीत, म्हणून आम्ही प्रत्येकाच्या पेल्यात थोडं थोडं कोमट पाणी दर खेळानंतर देतो. मुगाचं कढण, टोमॅटोचं सार, पातळ ताक दुपारी. शू फिकट पिवळी दिसली की पाणी पुरेसं आहे.

लघवीला जळजळ, ताप, वास, सारखी सारखी शू किंवा कोरडं राहायला लागलेलं पोर अचानक ओलं व्हायला लागलं, तर डॉक्टरांना दाखवा. ती थंडी नसते, लघवीतला जंतुसंसर्ग असू शकतो.

६. शी अडली की शूही बिघडते

हे फार थोड्या जणांना ठाऊक असतं. आतड्यात घट्ट शी साठली की ती शेजारच्या मूत्राशयावर दाब देते, आणि पोर चड्डीत शू करत राहतं. आपण शू शिकवत बसतो, दुखणं असतं शीचं. एकदा दुखलं की पोर शी दाबून धरतं, दाबली की आणखी घट्ट होते, पुढच्या वेळी आणखी दुखतं. टाचा उचलून, ढुंगण आवळून, भिंतीला धरून उभं असलेलं मूल शी करत नसतं, ती थोपवत असतं. मधूनच चड्डीला पातळ डाग लागतो आणि घरचे म्हणतात जुलाब झालेत. बऱ्याचदा तो आतल्या घट्ट शीच्या कडेनं झिरपलेला द्रव असतो.

थंडीत हे वाढतं, कारण पाणी कमी, दूध-बिस्किटं जास्त. आमच्या भागात यावर उपाय घरातच असतो. द्राक्षांचा जिल्हा आहे, काळ्या मनुका रात्री भिजत घालून सकाळी कुस्करून त्या पाण्यासकट द्याव्यात. अख्खी मनुका किंवा अख्खं द्राक्ष लहान पोराला देऊ नये, घशात अडकतं. पपई, बिया काढलेला पिकला पेरू, मेथी-पालकाची पातळ भाजी, तूप लावून दुधात कुस्करलेली बाजरीची भाकरी, भोगीच्या दिवसांतली लेकुरवाळी भाजी, सगळं चालतं. दूध मात्र बाटल्या-बाटल्यांनी नको.

बसवायची वेळ जेवणानंतरची. पोटात गरम अन्न गेलं की आतडी हलतात, पंधरा-वीस मिनिटांनी शी येण्याची शक्यता सगळ्यात जास्त. तेव्हा पाच मिनिटं बसवावं. पाय लोंबकळत नकोत, कमोडवर बसवलं तर खाली पाट द्या म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात. आपल्या आज्या बाळाला पायांवर उकिडवं बसवायच्या, त्यामागचा हिशेब हाच.

विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून, साबणाची वात, एरंडेल, हे आमच्याकडे बंद. शी करताना रक्त आलं, पोट फुगलं किंवा चार दिवस शीच नाही तर बालरोगतज्ज्ञ.

७. मोरी की संडास, एकदा ठरवा

आपल्या घरांत पोरांना शू करायला न्हाणीघराच्या मोरीशी उभं करतात आणि शीला संडासात नेतात. आजी "शूऽऽ" असा आवाज काढते आणि पोर आवाजावर शू करतं. ही जुनी रीत वाईट नाही, वेळ ओळखायला आजीचा हात कुणी धरू नये. पण आवाजावर होणारी शू आणि स्वतः सांगून होणारी शू यांत फरक आहे. आजी गावी गेली की आवाज जातो आणि शूही जाते. शिवाय शाळेत मोरी नसते, रांगेतले छोटे कमोड असतात. मोरीची सवय लागलेलं पोर तिथं चार तास दाबून बसतं आणि रिक्षात ओलं होतं.

मी सुरुवात पॉटवर करते, महिन्याभरानं कमोडवर मुलांची सीट ठेवून बसवते. देशी संडास असेल तर दोन्ही बाजूंना हात धरून. मुलग्यांनाही आधी बसूनच शू शिकवते, उभ्यानं नेम धरणं नंतर बाकीच्या मुलग्यांचं बघून आपोआप येतं. फ्लशच्या आवाजाला जी मुलं घाबरतात, ती बाहेर गेल्यावर फ्लश करावा. महिनाभरात तीच मुलं "मी, मी" करत बटण दाबायला धावतात.

८. पॉटांची पंगत लावा

घरी एकट्या मुलाला शिकवायला आई दमते, कारण त्याला बघायला कोणी नसतं. पाळणाघराची ताकद नेमकी इथं आहे. दुपारच्या खाऊनंतर पॉट ओळीनं मांडले की पंगत बसल्यासारखी पोरं बसतात. तीन वर्षांचं एक मोठ्या तोऱ्यात "झाली" म्हणून उठतं आणि पॉटमध्ये डोकावून दाखवतं. सव्वादोनचं नवीन पोर आधी कपड्यांसकट बसतं, दुसऱ्या दिवशी पायजमा काढून. कोणी शिकवलेलं नसतं.

पंगतीचे नियम मात्र कडक. प्रत्येकाचा पॉट वेगळा, त्यावर वेगळं चित्र चिकटवलेलं. एकाच्या पॉटवर दुसरा बसत नाही. वापरला की संडासात रिकामा, साबणानं धुवायचा, उन्हात पालथा. थंडीत रोटा विषाणूचे जुलाब लहान मुलांत जोरात असतात, एका पोराचं सगळ्यांना व्हायला वेळ लागत नाही. जुलाब झालेलं मूल घरी. जमिनीवर सांडलं तर आधी कागदानं टिपायचं, मग साबणाच्या पाण्यानं पुसायचं, मग कोरड्या फडक्यानं. ओल्या लादीवर मोजे घातलेली पोरं धडाधड घसरतात. आणि वापरलेले डायपर कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत घंटागाडीत जातात, ओल्या कचऱ्यात नाही.

९. "शू" म्हटलं की फोटो सोडायचा

संक्रांत ते रथसप्तमी आमच्याकडे बोरन्हाणांचा हंगाम. एका मुलाचं बोरन्हाण पाळणाघरातच झालं. काळं मखमली झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हार, दंडाला बाजूबंद, कमरेला हलव्याचा पट्टा. पाटावर बसवून चुरमुरे-बोरांचा वर्षाव चालला होता, बाकीची पोरं चुरमुरे गोळा करताना एकमेकांवर आपटत होती. तेवढ्यात उत्सवमूर्ती म्हणाली, "शू." आई म्हणाली, "एकच राहिलाय रे फोटो, राजा." फोटो निघाला, आणि निघता निघता कमरपट्ट्याचा हलवा विरघळायला लागला. साखरच ती. झबलं, पाट, मांड्या, सगळं चिकट. दोरा मांडीला चिकटला, तो काढताना पोर रडलं. त्यानंतर कितीतरी दिवस ते पोर सांगायचंच बंद झालं. त्याच्या दृष्टीनं त्यानं सांगून बघितलं होतं, कोणी ऐकलं नव्हतं.

मुलानं सांगितलं की पोळी तव्यावर असो, फोन कानाला असो, उठायचं. दहापैकी सात वेळा शू येणारच नाही, पोर तुमची परीक्षा बघत असतं. तरी उठायचं. सांगितल्यावर मोठं माणूस उठतं, हा विश्वास बसला की चड्ड्या कोरड्या राहायला लागतात.

१०. झोपेतली शू वेगळ्या हिशेबात धरा

जागेपणी कोरडं राहणं शिकवता येतं, झोपेतलं शिकवता येत नाही. ते शरीर आपल्या वेळेनं करतं. पाच वर्षांपर्यंत रात्री गादी ओली झाली तर तो आजार मानत नाहीत. म्हणून दिवसा चड्डीत फिरणाऱ्या मुलाला रात्री, आणि सुरुवातीला दुपारी झोपतानाही, डायपर घालायला लाजू नका. दुपारी सलग काही दिवस डायपर कोरडा निघाला की मग काढावा.

थंडीत गोधडीचं जपावं लागतं. जुन्या सुती साड्यांची आजीच्या हातची गोधडी एकदा भिजली की पिळता येत नाही, आणि कडेनं वाळली तरी मध्ये ओलीच राहते. म्हणून खाली मेणकापड, त्यावर दुपटं, अंगावर हलकी चादर आणि तिच्यावर पातळ रग. ओलं झालं तर दुपटं बदललं की झालं. मुलाला पूर्ण जागं न करता, दिवा न लावता, काही न बोलता बदलायचं. गारठ्यात ओलं पडून राहू द्यायचं नाही एवढंच.

११. 'शेम शेम' दाराबाहेर

ओली चड्डी बघून "शेम शेम" म्हणणारा कोणीतरी काका, मामी, शेजारीण असतेच. आमच्याकडे हा शब्द चालत नाही. "अजून डायपर? तुझी ताई बघ कशी," हेही नाही. ओलं झालं तर मी एवढंच म्हणते, "शू झाली. चल, बदलू." आवाज वर नाही, खाली नाही. फटका तर नाहीच. भीतीनं मूल शू लपवायला शिकतं, करायला नाही.

शाबासकीही बेताची. प्रत्येक शूला चॉकलेट दिलं तर दिवसातून दहादा थेंब-थेंब शू करून पोर दहा चॉकलेटं वसूल करतं. हुशार असतात ती. एक टाळी, वहीत एक चांदणी, पुरे.

आणि सर्दी-तापात, दात येताना, घर बदलताना, घरात नवीन बाळ आलं की शिकवणीला सुट्टी. खोकताना थेंब गळतोच, त्यावर चर्चा नको. बरं झालं की पोर जिथं थांबलं होतं तिथून चार दिवसांत पुन्हा धरतं.

१२. कोण धुणार, हे पोरालाही माहीत हवं

शू-शी शिकवण्याच्या निमित्तानं मुलाच्या अंगाला मोठ्यांचे हात लागतात. म्हणून माझ्याकडे नियम ठरलेला आहे: धुवायचं काम मी किंवा माझी मदतनीस. न्हाणीघराचं दार उघडं, दुसरं मोठं माणूस दिसेल असं. घरी आलेला पाहुणा, माझा भाऊ, इस्त्रीवाला, कोणीही असो, त्याचं तिथं काम नाही. धुण्याआधी मुलाला सांगायचं, "आता मी धुते हं." दोन वर्षांच्या पोराला एवढं कळतं. पाळणाघर निवडताना आईबाप फी आणि वेळा विचारतात, हे मात्र क्वचित. विचारा. सांगायला जो बिचकेल त्याच्याकडे मूल ठेवू नका.

१३. दोन घरं, एक बोली

सोमवार ते शनिवार माझ्याकडे चड्डी आणि रविवारी मॉलमध्ये जायचं म्हणून दिवसभर डायपर, असं झालं की सोमवारी पुन्हा पहिल्यापासून. आजोळी एक शब्द, घरी दुसरा, माझ्याकडे तिसरा, यानंही पोर गोंधळतं. शब्द कोणताही धरा, पण एकच. बाहेर जाताना डायपर लागलाच तर तासा-दीड तासानं तो काढून बसवा.

आम्ही एक वही ठेवतो. केव्हा बसवलं, केव्हा झाली, शी कशी होती, पाणी किती प्यायलं. संध्याकाळी ती वही आईच्या हातात जाते आणि सकाळी घरची नोंद घेऊन परत येते. नोकरी करणाऱ्या आईला अपराधी वाटतं की हे आपण करायचं होतं. वाटून घेऊ नका. २०१७ च्या दुरुस्तीनंतर बाळंतपणाची पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली, आणि ती मिळते त्या आईचंही मूल कामावर रुजू होताना सहा महिन्यांच्या आसपास असतं. डायपर सुटायच्या वयात ती कामावर असणारच. काम दोघींचं आहे, तिचं आणि माझं. बाबांचंही, हे वेगळं सांगायला लागू नये.

तेव्हा या थंडीत ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांना एवढंच सांगणं. पिशवीत रोज जादा चड्ड्या, दोन सैल पायजमे आणि मोज्यांच्या दोन जोड्या द्या, सगळ्यांवर नाव घालून. रात्री शी झाली की नाही ते सकाळी दारातच सांगा. संध्याकाळी न्यायला आलात की "आज कितीदा झाली?" हे मला नंतर विचारा, आधी पोराला उचलून घ्या. आणि जूनचं शाळेचं दडपण पोराच्या कानावर पडू देऊ नका.